वारंगा डाव्या हाताला

मी खुर्ची हलवली नाही. चूक म्हणाल तर एवढीच.

आमच्या कॉलेजच्या मैदानाच्या उत्तर टोकाला एक लिंबाचं झाड आहे. त्याच्या सावलीत माझी पांढरी प्लास्टिकची खुर्ची असायची. पावसाळ्यात सराव सुरू झाला तेव्हा ती तिथं ठेवली आणि थंडी पडेपर्यंत ती तिथंच राहिली. मैदानाला दुसरं टोकही असतं, खुर्ची तिकडंही नेता येते, वजनाला ती फार तर एखाद्या कोंबडीएवढी भरते, हे सगळं मला माहीत होतं. पण सावली एकाच टोकाला होती. अन् शहाणा माणूस सावली सोडत नाही.

आता मी कोण ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तमाशा नीट कळेल. मी हिंगोलीत कॉलेजच्या पोरांना भूगोल शिकवतो. खेळाच्या शिक्षकाची जागा बरीच वर्षं रिकामी आहे. ती भरेपर्यंत कुणीतरी बघा, असं प्राचार्य म्हणाले आणि सगळ्या स्टाफनं एकदम माझ्याकडं बघितलं. जिना चढून आल्यावर ज्याला धाप लागत नाही असा त्या खोलीत मी एकटाच होतो. तेवढ्या पात्रतेवर मी क्रीडा विभागप्रमुख झालो. विभागात मी, एक कुलूप आणि हवा गेलेले तीन व्हॉलीबॉल.

कबड्डीत आमची पोरं वाघ आहेत. पण कबड्डीत अख्खा मराठवाडाच वाघ आहे. तिथं आम्हाला कोण विचारतो. मग विद्यापीठ आणखी काय काय खेळवतं याची चौकशी करताना मला कळलं, की अमेरिकन फुटबॉल नावाचा खेळ आहे आणि त्याला कॉलेजंच मिळत नाहीत. मी लगेच हो म्हणून टाकलं. ज्या खिडकीवर गर्दी नाही तिथं तिकीट काढावं, मग गाडी कुठं का जाईना, हा माझा जुना स्वभाव. खेळ कसा असतो ते मोबाइलवर बघून घेऊ म्हटलं. बघितलं. पहिले दोन दिवस मला वाटत होतं की ही भांडणं चालली आहेत आणि खेळ नंतर सुरू होणार आहे.

पण मी हे सगळं मनावर घेतलं ते एका पोरामुळं.

तो हट्ट्याचा, म्हणजे हट्टा गावचा. कॉलेजात त्याला सगळे 'हट्ट्याचा' असंच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. पोलीस भरतीसाठी तो हिंगोलीत खोली करून राहिलेला. पळण्यात त्याच्या पुढं कुणी नाही. गोळाफेक बरी. लेखी परीक्षा चांगली. आणि उंची बोटभर कमी. खरोखर बोटभर. मापाच्या काठीखाली उभा राहिला की काठी आणि त्याचं डोकं यांच्यामध्ये एक आडवं बोट बसायचं. आई लवकर गेली, थोरल्या बहिणीनं त्याला वाढवलं. ती शिरड शहापूरला दिलेली. तो तिच्या घरी गेला की ती त्याला दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावायची आणि खालून पाय ओढायची. चौकट हलली, पोरगं वाढलं नाही.

खेळाडूंना भरतीत उंचीची थोडी सूट असते, पोरगं विद्यापीठाच्या संघातून खेळलेलं असलं तर त्याचा विचार होतो, असं आमच्याकडं चहाच्या टपरीवरचा प्रत्येक माणूस खात्रीनं सांगतो. खरं-खोटं भरतीवाले जाणोत. पण हट्ट्याच्याला दुसरी वाट नव्हती, आणि हे त्याचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं. एकदा तो मैदानावर माझ्या खुर्चीपाशी आला आणि म्हणाला, "सर, मला बोट पायजे फक्त. तेवढं बोट द्या." मी दिलं म्हणालो. मला असं पटकन काहीही देऊन टाकायची सवय आहे.

या खेळात हे बुटकेपण कामाचं होतं, ही गंमत मला मोबाइलवर बघून बघून समजली. दोन्हीकडची धिप्पाड पोरं समोरासमोर वाकून बसतात. त्यांच्यामागं एक जण चेंडू घेतो आणि आपल्यातल्या पळणाऱ्याच्या हातात देतो. पळणारा जर लहानखुरा असला, तर त्या धिप्पाड पाठींच्या मागं तो दिसतच नाही. समोरचे शोधत राहतात आणि हा भलत्याच फटीतून बाहेर. चेंडू लांब फेकायचा प्रकारही या खेळात आहे, पण तो लांबट चेंडू आमच्या कुणाला नीट फेकता यायचा नाही. पोरं त्याला पपई म्हणायची आणि तो पपईसारखाच पडायचा. तेव्हा मी ठरवलं, फेकाफेकी बंद. आपण फक्त पळायचं.

हे पळणं शिकवायला मला बस स्टँडशिवाय दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, पोरांनो, वसमत गाडी लागली आहे. दारात गर्दी आहे. तुमच्यासोबत पिशवीवाला एक माणूस आहे, त्याला जागा मिळवून द्यायची आहे. तुम्ही काय करता? दोघं पुढं घुसून खांद्यानं वाट करता, आणि पिशवीवाला मुकाट्यानं तुमच्या पाठीला चिकटून आत जातो. झालं. हाच खेळ. पिशवीवाल्यानं घाई करायची नाही. फट दिसल्यावर पळाला तर ती बुजलेली असते. फट पडणार कुठं ते पुढच्याच्या कमरेवरून ओळखायचं आणि तिथं जाऊन पोचायचं. आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं एकाला रिकाम्या हातानं भलतीकडं पळवायचं. समोरचे रुमालाकडं बघत बसतात, आपला माणूस दारातून वर.

मोबाइलवरच्या कोणत्याही इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा हे पोरांना लवकर कळलं. पुढं वाकून बसणारी लाइन म्हणजे दार उघडणारे, हट्ट्याचा पिशवीवाला. चेंडू हातात देणाऱ्याला त्यांनी 'वाढपी' नाव ठेवलं, पंगतीत वाढतो तसा तो वाढत जातो म्हणून. वाढपी हिंगोलीतल्या एका मंदिरातल्या पुजाऱ्याचा मुलगा होता. रोजच्या आरतीनं त्याचा आवाज असा तापला होता, की तो पुटपुटला तरी गाभाऱ्यातून आल्यासारखं वाटे. लाइनीतली निम्मी पोरं त्याच्यासारखी शहरातली, निम्मी खेड्यापाड्यांतली.

एकदा पिशवीवाल्यानं कसं पळावं हे दाखवायला मी स्वतः चेंडू घेतला होता. पुढचं मला आठवत नाही. पोरं सांगतात की मी छान पळालो, फक्त दार उघडायच्या आधी पळालो. आठवडाभर मी वर्गात एका खांद्यानं नकाशा लावत होतो. बायकोनं हळद लावताना विचारलं, हे वरच्या पगारात धरतात का?

आता डावांच्या नावांकडं येतो. खरा घोळ तिथं आहे.

डाव ठरवताना सगळे गोळा होऊन कुजबुजतात आणि मग आपापल्या जागी जातात, अशी त्या खेळाची रीत. पण आमच्या पोरांना कुजबुज कुठून यावी? आमच्याकडं हळू बोलणं म्हणजे पलीकडच्या शिवारात ऐकू जाणार नाही एवढं हळू. 'डावीकडून' असं म्हटलं की समोरचा संघही डावीकडं सरकणार, तेही मराठीच. म्हणून मी खुणेची नावं काढली. भूगोलाचा माणूस, मला गावंच सुचणार. लिंबाखाली खुर्चीत बसलं की तोंड दक्षिणेला. डाव्या अंगाला कुठंतरी पुढं वारंगा फाटा, उजव्या अंगाला औंढा, आणि नाकासमोर थेट वसमत. तेव्हा डावीकडून पळायच्या डावाचं नाव वारंगा, उजवीकडून औंढा, मधून घुसायचं म्हणजे वसमत. मला हे इतकं आवडलं की स्टाफरूममध्ये मी दोन दिवस प्रत्येकाला सांगत होतो.

पोरांनाही आवडलं. रोज संध्याकाळी सगळे लिंबाखाली चपला सोडायचे, तिथंच पाणी, तिथंच मी. तिथून दक्षिणेकडं पळायचे. टोक गाठलं की चालत परत यायचे आणि पुन्हा लिंबापासून सुरुवात. वारंगा म्हटलं की सगळी लाइन एका अंगानं डावीकडं झुकायची, हट्ट्याचा तिच्या मागून साप सरकावा तसा निघून जायचा. बघताना मला वाटायचं, भूगोलात उगाच आयुष्य घातलं.

आणखी एक शहाणपणा मी केला. सरावाला मी खुर्चीतून सारखा ओरडायचो, "फट बघ, थांब, पळ, थांब." एकदा थांब आणि पळ इतक्या जवळजवळ आलं की हट्ट्याचा जागेवर आपटला. तेव्हा वाढपीच म्हणाला, सर, मॅचमध्ये तुमचं ऐकलं तर आमी मेलो. मला ते पटलं. मी मोठ्या मनाचा माणूस आहे. मी सगळ्यांना नागनाथाची शपथ घ्यायला लावली, की मैदानात उतरल्यावर सरांचं काहीही ऐकायचं नाही. सगळ्यांनी आनंदानं शपथ घेतली. हट्ट्याच्यानं तर गळ्याला हात लावून घेतली.

सामना आमच्याच मैदानावर ठरला. शेजारच्या जिल्ह्यातला एक संघ आला. विद्यापीठाचा संघ निवडायला एक निवडकर्ते आले. काळा चष्मा, गळ्यात शिट्टी, तोंडात बडीशेप. ते एकच सामना बघून त्यातून पोरं उचलणार होते. हट्ट्याच्याची बहीण शिरडहून पहिल्या गाडीनं आली होती. हातात मोठा डबा. आल्या आल्या तिनं मला विचारलं, "निवडणारा मानूस कोनता?" मी दाखवला. तिनं त्याला आपादमस्तक बघून घेतलं आणि म्हणाली, "याच्यापेक्षा तर आमचं लेकरूच उंच हाय." मग माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून म्हणाली, "सर, आजच्यानं होऊन जाईल ना त्याचं?" मी म्हटलं, झालंच समजा.

आमच्या वाट्याला आधी लिंबाकडची बाजू आली. तोंड दक्षिणेला. पहिला अर्धा सामना मी जन्मात विसरणार नाही. वाढपी कडाडला, "वारंगा!" आणि लाइन अशी डावीकडं झुकली की जणू एकाच माणसाला इतके हात फुटलेत. हट्ट्याचा मागून निघाला, एका पाठीला हात लावून थोडा थांबला, फट पडायच्या जागी आधीच जाऊन पोचला आणि मोकळा झाला. "औंढा!" आणि तेच उजवीकडं. रुमाल टाकायलाही पोरं विसरली नाहीत. एक रिकामा हात डावीकडं पळाला, समोरचे तिघं त्याच्या मागं, आणि आपला पिशवीवाला उजव्या कडेनं एकटाच, जणू सकाळचा फिरायला निघालाय. निवडकर्त्यांनी काळा चष्मा कपाळावर चढवला. बहिणीनं डबा मांडीवरून खाली ठेवला. माझ्या शेजारी प्राचार्य उभे होते. ते म्हणाले, अहो, हे तुम्ही शिकवलंत? मी मान खाली घातली. मला नम्रता फार शोभते.

मधल्या सुट्टीत पोरांशी चार शब्द बोलावेत ही कुठल्याही शहाण्या प्रशिक्षकाची रीत. पण त्या सुट्टीत प्राचार्यांनी बोलावलेल्या प्रमुख पाहुण्यांचा सत्कार होता. शाल, नारळ, फेटा, मग पाहुण्यांचं भाषण, भाषणात त्यांची स्वतःची तरुणपणची कबड्डी. माझी खुर्ची पाहुण्यांसाठी कडेला घातलेल्या मांडवात नेली होती. ती त्या दिवशी पहिल्यांदा लिंबाखालून हलली. मी मागं उभा राहून टाळ्या वाजवत होतो. पंच पोरांना दुसऱ्या टोकाला घेऊन गेले. सुट्टीनंतर बाजू बदलतात, एवढं मला माहीत होतं. अशा कितीतरी गोष्टी मला माहीत असतात.

आता आमच्या पोरांचं तोंड उत्तरेला होतं. लिंबाकडं.

"वारंगा!"

लाइनीतली शहरातली निम्मी पोरं डावीकडं झुकली. खेड्यातली निम्मी उजवीकडं. दार मधोमध फाटलं. वाढपीनं चेंडू डावीकडं धरला, आणि हट्ट्याचा उजवीकडं, हात पसरून, रिकामाच पळाला. चेंडू हवेत राहिला, मग पपईसारखा पडला. समोरच्यांनी त्यावर उडी मारली.

मला अजूनही कळलं नव्हतं. मला वाटलं, घाईत झालं असेल. चेंडू परत आमच्याकडं आला, वाढपीनं पुन्हा वारंगाच सांगितलं, आणि पुन्हा तेच. मग पोरं मैदानाच्या मधोमध भांडायला लागली. त्यांची कुजबुज मला मांडवापर्यंत साफ ऐकू येत होती.

"अबे, वारंगा डाव्या हाताला ना? सरांनी सांगितलंय."

"वारंगा तिकडं हाय. तो काय रस्ता दिसून राहिला. तू वारंग्याला कदी गेलास का न्हाई?"

"रस्त्याचं काय घेऊन बसलास, हात बघ."

"हात फिरतो रे. गाव फिरतं का?"

हे शेवटचं हट्ट्याचा म्हणाला. आणि मी मांडवाच्या बांबूला धरून उभा राहिलो.

गावाकडं कुणी कुणाला डावीकडं सरक म्हणत नाही. बाजेवर झोपलेल्यालासुद्धा उगवतीकडं सरक म्हणतात. बैल मावळतीच्या खुंट्याला असतो, विळा उगवतीच्या भिंतीला. माणूस कुठंही तोंड करून उभा राहिला तरी उगवती उगवतीलाच राहते. शहरातल्या पोराची दिशा त्याच्या अंगाबरोबर फिरते. खेड्यातल्या पोराची जमिनीत रोवलेली असते. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. फार रंगवून शिकवतो. आणि इतके महिने खुर्ची एकाच टोकाला ठेवून मी दोन्ही जातींच्या पोरांना एकच नाव दिलं होतं. तोंड दक्षिणेला असेपर्यंत दोघांचाही वारंगा एकाच जागी होता. पोरं दोघंही मी सांगितलं तेच करत होती. अगदी तंतोतंत.

मी ओरडलो. "अरे, डावा हात, डावा हात!" हट्ट्याच्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मग ठरवून, शपथेला जागून, तोंड फिरवलं. मी दुसऱ्याला हाक मारली. त्यानं कानांवर हात ठेवले. बहीण माझ्याजवळ आली. "काहून ऐकून नाही राहिलं ते तुमचं?" मी म्हटलं, मीच सांगितलंय ऐकू नका म्हणून. ती डब्यापाशी परत जाऊन बसली.

प्रत्येक अर्ध्यात संघाला एकदा खेळ थांबवून बोलायची मुभा होती. मी पंचांकडं धावलो. खेळ थांबला. मी पोरांत घुसलो. सांगायचं सोपं होतं: वारंगा म्हणजे डावा हात, गाव विसरा. पण माझ्या छातीत धाप, पंचांचा हात घड्याळावर, समोर हट्ट्याच्याचा घामानं भिजलेला चेहरा, आणि माझ्या तोंडून निघालं, "उलटं करा रे! उलटं करा!" पंचांनी शिट्टी वाजवली. मी बाहेर.

पोरांनी उलटं केलं. सगळ्यांनी. जे डावीकडं जात होते ते उजवीकडं गेले आणि जे उजवीकडं जात होते ते डावीकडं. दार पुन्हा मधोमध फाटलं.

शेजारी प्राचार्य होते, ते म्हणाले, अहो, हेही तुम्हीच शिकवलंत? या वेळी मला मान खाली घालायला शिकवावं लागलं नाही.

शेवटी वैतागून वाढपीनं सरळ मराठीत सांगायला सुरुवात केली. "डावीकडून!" त्याच्या त्या गाभाऱ्याच्या आवाजात. आता आमची लाइन एकत्र डावीकडं गेली, आणि समोरचा अख्खा संघही एकत्र तिकडंच आला. हट्ट्याचा दर वेळी त्या ढिगाऱ्याच्या तळाशी. उठायचा, माती झटकायचा, पुन्हा जागेवर. एकदा उठताना तो लंगडला. बहीण जागची उठली आणि पुन्हा बसली. निवडकर्त्यांचा चष्मा कपाळावरून खाली आला होता. मी कडेनं येरझाऱ्या घालत होतो. हाक मारता येत नाही, मारली तरी ऐकणार नाहीत, ऐकलं तर आणखी बिघडणार. भाजीत मीठ जास्त पडल्यावर तिच्याकडं बघत बसावं, तसं मी त्या मैदानाकडं बघत होतो.

वेळ संपत आली. आम्ही थोड्या अंतरानं मागं होतो. कशीबशी पोरं समोरच्यांच्या टोकापाशी पोचली, लिंबाच्या अगदी जवळ. एक डाव उरला. ती चार पावलं मधून घुसता आली असती तर सामना आमचा, आणि माझ्या मनात, बोटही आमचंच. निवडकर्ते उठून उभे राहिले.

वाढपी क्षणभर थांबला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. आणि तो कडाडला, "वसमत!"

माझ्या जिवात जीव आला. शाबास रे पोरा. मधला डाव. त्यात डावं नाही, उजवं नाही, भांडायला जागाच नाही. मी बहिणीला म्हटलं, आता बघा. लाइन तुटून पडली, मधोमध अशी फट पडली की त्यातून बैलगाडी गेली असती.

वसमत त्यांच्या पाठीमागं होतं.

हट्ट्याचा वसमत तालुक्यातला. जन्मापासून वसमत कुणीकडं ते त्याला विचारावं लागलं नाही. त्याच्या हातात चेंडू आला आणि त्यानं मान मागं वळवली. पळाला नाही मागं. एवढा काही तो खुळा नाही. नुसतं वळून बघितलं. मग, शपथ घेतल्यापासून पहिल्यांदाच, त्यानं माझ्याकडं बघितलं. विचारत होता. इतक्या लांबून मला ते साफ कळलं, की हे पोरगं मला विचारत आहे.

मी जीव तोडून ओरडलो, "समोर! समोर पळ!"

त्याच्या चेहऱ्यावर शपथ आलेली मी बघितली. तो जागेवर अडला. एवढासा वेळ. या खेळात फट तेवढाच वेळ उघडी असते, हे त्याला मीच शिकवलं होतं. ती मिटली. मग तो समोरच पळाला, पण आता समोर फक्त माणसं होती.

शिट्टी झाल्यावर मी निवडकर्त्यांना गाठलं. ते मोटारीकडं निघाले होते. म्हटलं, साहेब, तेवढा तो लहानखुरा पोरगा. ते म्हणाले, पळतो छान, पहिल्या अर्ध्यात तर मीच घेतला होता त्याला. पण ऐकत नाही. सगळे एकीकडं अन् हा दुसरीकडं. मी म्हटलं, साहेब, त्याची दिशा बरोबर होती. ते म्हणाले, म्हणजे बाकीचे चुकले? मी म्हटलं, नाही, त्यांचीही बरोबर होती. त्यांनी चष्मा काढला.

"मग चुकलं कोण?"

"खुर्ची," मी म्हणालो.

मग मी काडी घेऊन मातीत हिंगोली काढली, वसमत काढलं, वारंगा, औंढा, लिंब, खुर्ची, सगळं काढलं, आणि खेड्यातल्या आणि शहरातल्या दिशा समजावून सांगितल्या. माझ्या अख्ख्या नोकरीतला सगळ्यात मनापासून घेतलेला तास असेल तो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे त्या पोराला डावं-उजवं कळत नाही." आणि वाढपीला तेवढं संघात घेऊन, बाकी कुणालाही न घेता, निघून गेले.

मी लिंबाकडं वळलो. पाहुणे गेल्यावर कुणीतरी खुर्ची परत तिथंच आणून ठेवली होती. तिच्यात बहीण बसली होती आणि हट्ट्याचा तिच्या पायाशी, खाली मातीत. डबा उघडला होता. तो भाकरी मोडत होता, खात नव्हता. मोटारीपाशी मी काय काय बोललो ते तिला सगळं ऐकू गेलं असणार. माझाही आवाज काही कुजबुजीचा नाही.

मी उभा राहिलो. पुढच्या वर्षी बघू म्हणणार, तर पुढचं वर्ष नव्हतं. पोरगं खाली बघतच म्हणालं, "सर, वसमत मागंच होतं ना?"

"मागंच होतं," मी म्हटलं. "तुझं बराबर होतं."

"मग झालं," तो म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा तोंडात घातला.

मी बहिणीला म्हटलं, चूक तशी फार लहान होती बघा. ही खुर्ची जरा त्या टोकाला नेली असती, तर. सगळा दोष या खुर्चीचा.

तिनं डब्याचं झाकण लावलं, पदर खोचला आणि खुर्चीच्या हातावर हात ठेवून माझ्याकडं बघितलं.

"सर, तुमच्यापेक्षा ही खुर्ची बरी. बसू तर देते, अन् कोनाला काही शिकवत न्हाई."